दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार: दमण्याआधी घ्यायची विश्रांती

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस आनंदाचे असतात. शरीराला मात्र ते कमी झोपेचे, अवेळी जेवणाचे आणि तासन्‌तास उभे राहण्याचे जातात. त्यात आधीच्या शनिवार-रविवारी जाळी-जळमटे काढणे, माळ्यावरचे डबे उतरवणे, भाजणी दळून आणणे आणि खरेदी हे सगळे एकदम निघते. त्यामुळे सण सुरू होण्याआधीच घरातली एक व्यक्ती थकलेली असते. ती कोण, हे बहुतेक घरांत वेगळे सांगावे लागत नाही. "आता दिवाळी झाली की आराम करीन" हे वाक्य आम्ही डॉक्टर दरवर्षी ऐकतो. वैद्यकीयदृष्ट्या हा क्रम उलटा आहे. विश्रांती आधी घेतली तर तिचा उपयोग जास्त होतो.

झोप आधी साठवता येते का?

काही प्रमाणात, हो. जागरणाच्या आधी काही रात्री नेहमीपेक्षा जास्त झोप मिळाली असेल, तर जागरणानंतर लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग तुलनेने कमी ढासळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून नरक चतुर्दशीला पहाटे चारला उठून अभ्यंगस्नान करायचे असेल, तर त्याची तयारी फक्त उटणे आणि तेल आणून संपत नाही. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. तुम्ही एरवी सहा तासच झोपत असाल, तर या शनिवारी आणि रविवारी रात्री तास-दीड तास लवकर अंथरुणावर जा.

इथे एक चूक सर्रास होते. शनिवारी रात्री एकपर्यंत मोबाईल बघायचा आणि रविवारी दहाला उठायचे. उशिरा उठल्यामुळे रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारी डोके जड होते. झोप वाढवायची ती रात्री लवकर झोपून. उठण्याची वेळ नेहमीपेक्षा फार तर तासभर पुढे जाऊ द्या. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही थोडा जागाच असतो. दुपारची वामकुक्षी जरूर घ्या, पण वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत. दीड तास झोपून उठल्यावर जी सुस्ती येते, ती खोल झोपेतून अर्धवट उठल्याची असते.

झोप अपुरी पडली की भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मधुमेह असलेल्यांची साखर दिवाळीत वाढते, त्याला फक्त करंज्या आणि लाडू जबाबदार नसतात.

विश्रांती कोणाच्या वाट्याला येते?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत असे आढळले की देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हा एरवीचा हिशेब झाला. फराळाच्या आठवड्यात काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढताना धाप लागणे, सारखा थकवा, छातीत धडधड ही त्याची लक्षणे सणाच्या धावपळीत सहज झाकली जातात. असे होत असेल तर या आठवड्यातच हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या चहासोबत घेऊ नका. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

त्यामुळे "स्वतःसाठी वेळ काढा" हा सल्ला घरातल्या बाईला देऊन भागत नाही. तो वेळ कोणीतरी मोकळा करून द्यावा लागतो. शनिवारी दुपारी जेवणानंतरची भांडी, ओटा आणि चार वाजताचा चहा दुसऱ्या कोणी तरी करावा. माझ्या मते या शनिवार-रविवारचा सगळ्यात उपयोगी वैद्यकीय सल्ला हाच आहे. आणि सगळा फराळ घरीच व्हायला हवा, असेही नाही. अनारसे विकत आणले म्हणून दिवाळी उणी होत नाही.

फराळ करणार असाल तर एका दिवशी दोनच पदार्थ धरा. करंज्या लाटणे-भरणे टेबलाशी बसून करा. तळण्यासाठी उभे राहावेच लागते, तेव्हा एक पाय आळीपाळीने पाटावर ठेवला की कमरेवरचा ताण कमी होतो. दर अर्ध्या तासाने बसा, पाणी प्या. फक्त चहावर दुपार काढली की संध्याकाळी पित्त आणि डोकेदुखी ठरलेली.

साफसफाई करताना

दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्याने जाळी काढू नयेत. ते काम घरातल्या दुसऱ्याकडे द्या आणि धूळ बसेपर्यंत त्या खोलीत थांबू नका. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. रोज घ्यायचा स्टिरॉइडचा इनहेलर बरे वाटते म्हणून बंद केला असेल तर डॉक्टरांना विचारून आताच सुरू करा. त्याचा पुरता परिणाम व्हायला काही दिवस ते आठवडे लागतात, फटाके सुरू झाल्यावर घाई करून उपयोग नाही. शौचालय साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. माळ्यासाठी स्टुलावर स्टूल चढवू नका.

औषधे आणि जेवणाच्या वेळा

रविवारी दहा मिनिटे काढून घरातल्या सगळ्यांची औषधे मोजा आणि दोन आठवडे पुरतील एवढी आणून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी औषधाचे दुकान उघडे सापडेलच असे नाही. रक्तदाबाची गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी कामाच्या नादात जेवण चुकवू नये. हात थरथरणे, घाम, चिडचिड, गोंधळल्यासारखे होणे याला थकवा समजून पडून राहू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, आणि बरे वाटल्यावर जेवायला द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

छातीत जडपणा किंवा दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, विश्रांतीतही लागणारी धाप, अचानक थंड घाम आला तर १०८ ला फोन करा. स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यात छातीत फारसे न दुखता नुसता विलक्षण थकवा, मळमळ, पाठदुखी किंवा धाप एवढेच जाणवू शकते, आणि "खूप काम झाले, पित्त झाले असेल" म्हणून वेळ जातो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. तेव्हा कढई गॅसवर असेल तरी गॅस बंद करा आणि निघा.