राखीव प्रदेशातील सू प्रतिकार आणि स्वाक्षरीचा प्रश्न

अमेरिकेतील सू लोकांचा इतिहास सांगताना लिट्‌ल बिगहॉर्नच्या विजयावरून (१८७६) वून्डेड नीच्या हत्याकांडाकडे (१८९०) सरळ वळण्याची प्रथा आहे. मधली वर्षे शरणागतीची मानली जातात. वस्तुतः या काळात प्रतिकार थांबला नव्हता. त्याचे साधन पालटले होते.

१८६८ च्या फोर्ट लारामी तहाच्या बाराव्या कलमान्वये प्रौढ पुरुषांपैकी तीन-चतुर्थांशांच्या स्वाक्षऱ्यांवाचून राखीव प्रदेशाचा कोणताही भाग सरकारला घेता येत नव्हता. १८७६ मध्ये शिधा तोडण्याचा धाक घालूनही ब्लॅक हिल्सच्या करारास जेमतेम एक-दशांश स्वाक्षऱ्या मिळाल्या. तरी काँग्रेसने १८७७ मध्ये कायदा करून तो प्रदेश घेतलाच. सरकारने असे धाब्यावर बसविलेले कलम सू नेत्यांनी मात्र सोडले नाही, हे लक्षणीय होय.

१८८८ मध्ये कार्लाइल येथील निवासी शाळेचे संस्थापक रिचर्ड प्रॅट यांचा आयोग एकरी ५० सेंट दराने जमीन मागण्यास आला. त्याने स्टँडिंग रॉक येथे दोन कागद पुढे केले : संमतीचा काळ्या अक्षरांत, नकाराचा लाल अक्षरांत. जॉन ग्रास प्रभृतींनी दोहोंवरही स्वाक्षरी नाकारली. कागदाला हात लावण्याचे परिणाम त्यांना पूर्वानुभवाने ठाऊक होते. महिनाभराच्या वाटाघाटींतून आयोगाच्या पदरी अवघ्या २२ स्वाक्षऱ्या पडल्या. आयोगास हा हटवादीपणा वाटला. त्यास राजकीय विवेक म्हणणे अधिक युक्त ठरेल.

पुढील वर्षी जनरल क्रूक यांनी सभांपेक्षा खासगी भेटींवर भर दिला. दर सव्वा डॉलरपर्यंत वाढविला होता. मॅक्‌लॉफ्लिन या सरकारी एजंटाने ग्रास यांस रात्री गुप्तपणे गाठून वळविले. सिटिंग बुल अखेरपर्यंत विरोधात राहिले. ५६७८ पैकी ४४६३ स्वाक्षऱ्या मिळून सुमारे ९० लाख एकर भूमी गेली व उर्वरित प्रदेशाचे सहा तुकडे झाले. पाठोपाठ रोझबड येथील गोमांसाचा शिधा २० लाख पौंडांनी, तर पाइन रिज येथील १० लाख पौंडांनी घटविण्यात आला. १८९० च्या प्रेतनृत्य चळवळीचा विचार या उपासमारीपासून अलग करता येत नाही. १५ डिसेंबरला सिटिंग बुल मारले गेले. २९ ला वून्डेड नी घडले.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७७ च्या त्या संपादनाबद्दल व्याजासह १० कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मान्य केली. सू राष्ट्राने ती रक्कम स्वीकारली नाही. त्याची मागणी भूमीची आहे.