बिराजदार मामांची तालीम

कुस्तीच्या इतिहासात गदा कोणी जिंकली ते आपण टिपून ठेवतो. डाव कोणी शिकविला, हे बहुधा विसरतो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हा लातूर जिल्हाही नव्हता. तो झाला १९८२ साली. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद झाले, साऱ्या पोरांचे ‘मामा’. आपल्याच जिल्ह्यातील काका पवार त्यांचे शिष्य. मामांनी काका घडवावा, या नात्याची आम्हांस मोठी मौज वाटते! पाटोद्याचा राहुल आवारेही तेथेच वाढला. मराठवाड्याच्या या पोरांना त्यासाठी पुणे गाठावे लागले, हेही आपण नोंदविलेच पाहिजे. २०११ साली मामा गेले. राहुलला काकांनी पुढे शिकविले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे मिळविलेले राष्ट्रकुल सुवर्णपदक त्याने मामांना अर्पण केले.