भोगीच्या भाजीत कुठकुठलं पीक?

भोगीच्या भाजीला ठरलेलं माप नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी रानात जे असंल ते पातेल्यात, एवढाच नियम. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

पण यातलं सगळं मूळचं इथलं नाही. वांगं, तीळ, तूर आपल्या देशातली. हरभरा पश्चिम आशियातला, बाजरी आफ्रिकेतली. दोन्ही हजारो वर्षांपूर्वी इकडं आली. मिरची आणि भुईमूग मात्र अमेरिका खंडातले. १४९८ ला पोर्तुगीज कालिकतला उतरले, त्यानंतरच ही पिकं आपल्याकडं आली. त्याआधी आपल्या चुलीवर ना लाल तिखट होतं, ना शेंगदाण्याचं कूट. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. नवं पीक रानात रुळलं, की बायकांनी ते पातेल्यात घेतलं.

उलटंही तितकंच खरं. रानातून गेलेलं पीक पातेल्यातूनही जातं. पूर्वी बाजरीत तूर, मटकी, हुलगा असायचा. रब्बी ज्वारीत करडईचे पाट, बांधावर पावट्याचे वेल. आता आमच्या शिवारात एकतर ऊस, नाहीतर सोयाबीन. भोगीला ओला हरभरा अन् पावटा शेतकऱ्याच्याच घरी बाजारातून विकत येतो.

भाजी वाचवायची तर आधी पेरणीत जागा ठेवावी लागंल. दोन पाट तुरीचे, बांधाला चार वेल पावट्याचे, एवढं तरी करा. तुमच्या भागात भोगीत काय काय पडतं, तेही सांगा.