कवळीखालची बुरशी आणि एका औषधाचा इतिहास

तुम्ही कवळी वापरत असाल, तर एकदा वरची कवळी काढून आरशात टाळू बघा. ती लालभडक दिसते का? लालीची कड कवळीच्या कडेशी जुळते का? याला कवळीमुळे होणारा मुखदाह म्हणतात. बहुतेकांना तो दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. यामागे बऱ्याचदा कॅन्डिडा ही बुरशी असते.

ही बुरशी वैद्यकाला जुनीच माहीत आहे. १८३९ साली जर्मन डॉक्टर लांगेनबेक यांनी टायफसच्या रुग्णात ती पाहिली, पण ती टायफसचेच कारण असावी असे त्यांना वाटले. पुढची शंभर वर्षे तिच्यावर खात्रीचे औषध नव्हते. १९४० नंतर पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके आली. ती जिवाणू मारत, बुरशीला हात लावत नसत. उलट जिवाणू हटले की बुरशीला रान मोकळे मिळे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी यावर काम करत होत्या. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले सूक्ष्मजीव वाढवून बुरशीवर तपासत. आशादायक नमुने टपालाने ऑल्बनीला जात. तिथे ब्राउन त्यातला औषधी अंश वेगळा करून परत पाठवत. बहुतेक अंश प्राण्यांना विषारी ठरले. अखेर व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीने यश दिले. १९५० मध्ये औषध जाहीर झाले आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचे नाव पडले निस्टॅटिन. रॉयल्टीचे लाखो डॉलर दोघींनी स्वतः न घेता संशोधनाला दिले.

निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. जिथे लागेल तिथेच ते काम करते. म्हणूनच ते सुरक्षित आहे, आणि म्हणूनच इथे फसते. बुरशी फक्त टाळूवर नसते, कवळीवरही असते. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून कवळ्या ॲक्रिलिकच्या होऊ लागल्या. त्याच्या खडबडीत, सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर बुरशीचा थर घट्ट बसतो. टाळू बरी होते, पण तीच कवळी पुन्हा लागण करते.

म्हणून एवढे करा :

- रात्री कवळी काढूनच झोपा.
- ती रोज ब्रशने घासा. टाळूही मऊ ब्रशने हळुवार स्वच्छ करा.
- दंतवैद्यांनी सांगितलेल्या द्रावणात कवळी बुडवा. धातूच्या कवळीला ब्लीच चालत नाही.
- औषध लावताना कवळी काढा.
- सैल कवळी दुरुस्त करून घ्या.
- त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.
- वॉरफॅरिन घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. मायकोनॅझोलची तोंडात लावायची जेलसुद्धा रक्तस्राव वाढवू शकते.

औषध टाळूसाठी आहे. कवळी मात्र तुम्हालाच स्वच्छ ठेवावी लागेल.