सेरोमा : स्तनशस्त्रक्रियेनंतर साचणारे पाणी आणि किरणोपचार (जळगाव-धुळे परिसर)

स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्ण स्तन, स्तनाचा काही भाग किंवा काखेतील लसिकाग्रंथी काढल्यानंतर त्या जागी त्वचेखाली साचणाऱ्या पिवळसर द्रवाला सेरोमा म्हणतात. खानदेशात रुग्ण आणि नातेवाईक ‘पाणी भरले’ असे सांगतात. या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त आढळणारी तक्रार हीच आहे. टाक्यांखाली किंवा काखेत मऊ फुगवटा येतो, बोटाने दाबले की आतला द्रव हलतो आणि हात वर करताना ओढ बसते. रोग उलटला या धास्तीने अनेक बायका इथे खचतात. हा फुगवटा म्हणजे कर्करोगाची नवी गाठ नव्हे, आणि बहुतेकींचे पाणी काही आठवड्यांत आपोआप जिरते. अडचण येते ती शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू करण्याची वेळ आली तरी पाणी उरले असेल तर.

स्तन काढल्यावर वरची त्वचा आणि खालचा छातीचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते. कापलेल्या लसिकावाहिन्यांमधून झिरपणारा द्रव तिथे जमतो. तो बाहेर यावा म्हणून नळी आणि बाटली लावतात. चोवीस तासांत साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव येऊ लागला की बहुतेक शल्यचिकित्सक नळी काढतात. घरी नळी घेऊन आलेल्या रुग्णाच्या माणसाने रोज सकाळी ठरलेल्या वेळी बाटली डोळ्यांच्या पातळीला धरून आकडा वाचावा, तो तारखेसह वहीत लिहावा आणि रंगही नोंदवावा. लालसर द्रव हळूहळू फिकट पिवळा होत जातो. पुन्हा अचानक गडद लाल किंवा गढूळ झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नळी कधी काढायची हे ही वही ठरवते, म्हणून ती जपावी.

स्थूल शरीर, मोठे स्तन आणि काखेतील बऱ्याच ग्रंथी काढाव्या लागणे यांमुळे पाणी जास्त साचते. फक्त पहारेकरी ग्रंथी, म्हणजे रोग काखेत सर्वांत आधी जिथे पोहोचतो त्या ग्रंथी, तपासून काम भागले, तर त्रास कमी होतो. त्वचा आतून स्नायूला टाके घालून बसवली, तर पोकळी लहान होते. छाती घट्ट आवळून बांधल्याने मात्र फारसा उपयोग झाल्याचे दिसलेले नाही.

वेळेचा पेच सगळ्यांना सारखा पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी असेल, तर शेक काही महिन्यांनी येतो आणि तोवर पाणी जिरलेले असते. गाठ मोठी असल्याने केमोथेरपी आधीच घेऊन झालेली स्त्री, किंवा रोग लवकर सापडल्याने केमोथेरपीची गरजच न पडलेली स्त्री, यांचा शेक शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवा. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण उशिरा येतात. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या स्त्रिया कमी नाहीत, आणि पाण्याची अडचण त्यांना नेमकी याच काळात भेडसावते.

शेक देण्याआधी सीटी स्कॅन होतो. रुग्णाला हात डोक्यामागे टेकवून तिरक्या फळीवर झोपवतात, त्वचेवर खुणा करतात आणि त्या स्थितीतल्या छातीच्या आकारावरून किरणांचा कोन व मात्रा ठरवतात. आजकाल बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत 15 वेळा मिळून 40 ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा देतात. ब्रिटनमधील 2020 च्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीनंतर काही रुग्णांना पाच दिवसांत 26 ग्रे देण्याची पद्धतही आली आहे. छातीत मोठा फुगवटा असताना स्कॅन झाला आणि शेक सुरू होण्याआधी कोणी ते पाणी काढले, तर छातीचा आकार बदलतो. आखलेली मात्रा मग नेमकी बसत नाही: कुठे कमी, कुठे जास्त, आणि खालच्या फुप्फुसालाही फरक पडतो. त्वचेलाही पुरेशी मात्रा मिळावी म्हणून काहींच्या छातीवर ठेवतात ती जेलची चादरही नीट टेकत नाही. स्कॅननंतर पाणी भरले, तरी तीच गत.

म्हणून नियम साधा आहे. पाणी काढायचे असेल तर स्कॅनआधी काढावे, आणि स्कॅन ते शेक संपेपर्यंत किरणोपचार विभागाला विचारल्याशिवाय सुई लावू नये. मोठा बदल झाला, तर स्कॅन पुन्हा करून आखणी बदलतात. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेत तर उरलेले थोडे पाणी उपयोगी पडते. गाठ नेमकी कुठे होती हे आतल्या धातूच्या क्लिपांबरोबर ती पोकळीही दाखवते, आणि त्या जागेला जादा मात्रा देता येते. अशा रुग्णाचे न दुखणारे पाणी उगाच काढू नये.

खानदेशात हा नियम मोडण्याचे मुख्य कारण अंतर आहे. शस्त्रक्रिया धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, 2018 मध्ये सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय महाविद्यालयात किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात होते. शेकासाठी मात्र बरेच जण नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठतात. धुळ्याहून नाशिक मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे 160 किलोमीटर आहे. जळगावहून संभाजीनगरही जवळपास तेवढेच, पण मध्ये अजिंठ्याचा घाट लागतो. सुई लावणारे डॉक्टर एका गावात, आखणी करणारे दुसऱ्या गावात, आणि दोघांमधला दुवा म्हणजे रुग्णाची फाइल. पाणी केव्हा काढले, किती मिलिलिटर निघाले आणि रंग कसा होता, ही ओळ फाइलमध्ये असेल, तर पुढच्या ठिकाणी फेरा वाया जात नाही. ती लिहून देण्याचे काम रुग्णालयाने करावे. हे ओझे आजारी बाईवर टाकणे योग्य नाही. किरणोपचाराच्या पहिल्या भेटीतच फुगवटा दाखवून स्कॅनची तारीख ठरवावी.

पाणी काढायला काही मिनिटे लागतात. त्वचा निर्जंतुक करून फुगवट्याच्या खालच्या बाजूने जाड सुई घालतात आणि सिरिंजने द्रव ओढतात. तिथली संवेदना शस्त्रक्रियेत कमी झालेली असल्याने फारसे दुखत नाही. दोन-तीन वेळा पुन्हा भरणे नेहमीचे आहे. दर वेळी जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो, म्हणून लहान, न दुखणारा फुगवटा बघत राहणे बरे. त्वचा लाल होणे, गरम लागणे, ताप, पू किंवा टाक्यांतून वास येणे दिसले तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. संसर्ग आटोक्यात येईपर्यंत शेक पुढे ढकलावा लागतो.

घरी सर्वांत घातक ठरतो तो गरम शेक. काखेतील चेतातंतू कापला गेल्याने दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा असतो. विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा चटका तिथे कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. लेप आणि तेल-मालीशही टाळावी. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 42 अंशांवर जातो तेव्हा काखेत घाम साचून टाके ओलसर राहतात. सुती, सैल, पुढून उघडणारा ब्लाउज आणि कोरडी ठेवलेली काख एवढे पुरे असते. कापूस वेचणी, पाण्याचे हंडे, केळीच्या बागेतले उचलणे-ओढणे त्या हाताने करू नये. घरातल्यांनी ही कामे न सांगता उचलली पाहिजेत. ‘आता बरी झालीस ना’ हे वाक्य अनेकींना पंधराव्या दिवशी शेतात नेते.

हात अजिबात न हलवणे हेही चुकीचे. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यावा, कारण सुरुवातीला जोराचा व्यायाम केल्यास पाणी वाढते. नळी निघाल्यावर डॉक्टरांना विचारून बोटांनी भिंतीवर चढत रोज थोडे वर जावे. हात डोक्यामागे गेला नाही तर स्कॅनच्या फळीवर झोपता येत नाही, आणि शेकाची तारीख खांद्यामुळे लांबते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी या पहिल्या नावाने ती 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. किरणोपचार तिच्यात बसतो. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला कागदपत्रे दाखवावीत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वे प्रवासात सवलत मिळते. स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये भाडे माफ असते आणि सोबत्यालाही सूट आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो.

क्वचित काही महिन्यांनीही पाणी राहते आणि त्याभोवती जाड आवरण तयार होते. तेव्हा पुन्हा नळी घालतात, पोकळी चिकटवणारे औषध सोडतात किंवा ते आवरणच शस्त्रक्रियेने काढतात. शेक दिलेल्या त्वचेची जखम सावकाश भरते, त्यामुळे शेकानंतर तिथे सुई किंवा शस्त्र लावण्याचा निर्णय शल्यचिकित्सक आणि किरणोपचार तज्ज्ञ मिळून घेतात.