रापणीचा समुद्र आणि नकाशावरची रेघ

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग आणि अलीकडे पद्मगड दिसतो. या दोहोंभोवतीच्या सुमारे तीन चौरस किलोमीटर पाण्याला सरकारी कागदात ‘गाभा क्षेत्र’ म्हणतात. १३ एप्रिल १९८७ रोजी इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. एकूण क्षेत्र एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपास. मच्छीमारांनी विरोध केला आणि ‘यांना पर्यावरणाचे काय?’ असा शिक्का त्यांच्यावर बसला. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून कागद वाचत आलो. ते १९८७पासून मागे वाचू लागलो, तेव्हा चित्र बदलले.

रापण ही किनाऱ्यावरून ओढायची. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे, मग पंचवीस-पन्नास माणसांनी खेचायचे आणि मिळेल त्याचे वाटे करायचे. रापण माशाच्या मागे जात नाही, मासा काठाशी येण्याची वाट पाहते. (ती अगदीच निष्पाप नव्हे, बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लेही येतात.) म्हणून कोळंबीच्या निर्यातीपायी ट्रॉलर काठाशी येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले, तेव्हा पहिला फटका रापणकरालाच बसला. गोव्यातले रापणकर सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरले. १९७८मध्ये देशभरातील मच्छीमारांचा मंच उभा राहिला. त्यानंतर गोवा आणि केरळने १९८०मध्ये व महाराष्ट्राने १९८१मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. समुद्राला मर्यादा घाला, ही मागणी या किनाऱ्यावर आधी जाळे ओढणाऱ्यांनी केली होती.

मर्यादा त्यांना नवी नव्हतीच. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचे, ही रीत. आजची सरकारी बंदी ३१ जुलैला संपते. पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते, म्हणजे इथे रूढी कायद्याहून कडक ठरते!

मग १९८७च्या विरोधाचे काय? १९८१च्या कायद्यात मच्छीमार हा पक्षकार होता. वन्यजीव कायद्यात मात्र तो आत शिरणारा ठरला. सागरी अभयारण्याच्या हद्दी ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी काळजी घ्यावी, ही तरतूद त्या कायद्यात १९९१च्या दुरुस्तीने आली. मालवणची रेघ त्याआधी चार वर्षे ओढून झाली होती. माझ्या मते भांडणाचे मूळ प्रवाळात वा माशांत नाही, या चार वर्षांत आहे.

डिसेंबर २०१८पासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव किंवा बहिरी मोरी अडकली आणि मच्छीमाराने जाळे कापून ती सोडली, तर त्याला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून छायाचित्र लागते. जाळे कापायचे, प्राणी सांभाळायचा आणि हलत्या होडीत फोटोही काढायचा. तरीही ही माणसे अर्ज करतात.