संत गोन्सालो गार्सिया : जपानला गेलेला वसईचा मिशनरी

सर्वस्व सोडून धर्मसेवेला वाहून घेण्याच्या आंतरिक हाकेला ख्रिस्ती परंपरेत ‘पाचारण’ म्हणतात. अशा हाकेने परदेशांतून महाराष्ट्रात आलेल्या मिशनऱ्यांविषयी मराठीत बरेच लेखन झाले आहे. मात्र त्यांच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, वसईचा एक तरुण याच हाकेने जपानला गेला होता. ते म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मून रोमन कॅथलिक चर्चचे संतपद मिळविणारे ते पहिले.

जन्म व प्रस्थान

गोन्सालो यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. वसईत येशूसंघाच्या म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्यासमवेत ते किशोरवयातच जपानला रवाना झाले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले.

नकार आणि व्यापार

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा होती; ती पूर्ण झाली नाही. तेव्हा ते मकावला गेले व व्यापारात उतरले. व्यापारात त्यांचा चांगला जम बसला. तथापि, मूळची ओढ कायम होती. पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात ‘ब्रदर’ म्हणून प्रवेश केला. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत.

पुन्हा जपान

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली त्याच्याकडे शिष्टमंडळ पाठविले. जपानी भाषा उत्तम जाणणारे गोन्सालो त्यात दुभाषी होते. एका संघाकडे प्रवेश न मिळालेल्या या वसईकरावर आता दोन सत्तांमधील संवादाची जबाबदारी आली. शिष्टमंडळाला राहण्याची परवानगी मिळाली आणि फ्रान्सिस्कनांनी क्योटोत चर्च व कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभारले.

हौतात्म्य

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले व त्यावरील माल जप्त झाला. मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येते, असे जहाजावरील एका अधिकाऱ्याने सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. हिदेयोशीचा संशय बळावला आणि धरपकड सुरू झाली. धर्मकार्य आणि साम्राज्यविस्तार यांत राज्यकर्त्याला फरक दिसेनासा झाला, याची किंमत गोन्सालो व त्यांच्या सहकाऱ्यांना मोजावी लागली.

क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. त्यानंतर ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

संतपद व स्मृती

या फ्रान्सिस्कन हुतात्म्यांना १६२७ मध्ये धन्य घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व २६ जणांना संतपद बहाल केले. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा २००८ मध्ये भारताच्या पहिल्या महिला संत ठरल्या, त्याच्या १४६ वर्षे आधीची ही घटना. संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ मध्ये निशिझाका येथे स्मारक उभारण्यात आले. वसईत गोन्सालो यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि वसईच्या किल्ल्यातील जुने चर्चही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. किल्ला पाहणाऱ्या पर्यटकाला चिमाजी अप्पांची १७३९ची मोहीम हमखास आठवते. त्याच तटांआडून जपानला गेलेल्या या दुभाष्याचीही आठवण व्हायला हवी.